पाय जमिनीला लागू न देता

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. लहान आहे अजून, दुसरीत-तिसरीत असेल. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी बाकीची पोरं लंगडी खेळतात तेव्हा ही ओट्यावर बसून कोण बाद झालं ते ओरडून सांगते. परवा तिच्या आईनं मला भाजीच्या गाड्यापाशी गाठलं.

"ताई, तुमचं बी लहानपणी असंच झालतं म्हणे. मग तुमी पळायला कवा लागलाव?"

"झाली त्याला लय वर्षं," असं म्हणून मी कोथिंबिरीची जुडी हुंगत बसले. खरं उत्तर द्यायचं तर रस्त्यात उभं राहून मला माझी सगळी शरम सांगावी लागली असती, आणि ती इतक्या वर्षांनीही मला तोंडानं सांगता येत नाही. लिहून बघते. त्या बाईलाही वाचायला देईन, आणि अशा दुसऱ्या कुणा आईच्या हाती पडलं तर बरंच आहे.

आजाराचं फार सांगणार नाही, मला तेवढं कळतही नाही. माझ्या हृदयाला जन्मापासून भोक होतं आणि फुफ्फुसाकडं रक्त जायची वाट अरुंद होती. शरीराला पुरेसं चांगलं रक्त मिळत नव्हतं. बाकी डॉक्टर सांगतील.

बसकी

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, पेडगावच्या बाजूला. घरात माय, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. माझ्या पाठीवरचं कुणी जगलं नाही. थोडी जमीन होती, कापूस आणि जवारी निघायची.

मला कळायला लागलं तेव्हापासून माझा दम पुरायचा नाही. थोडं पळालं की छातीत भाता चालायचा, कानात घूं व्हायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग मी असेन तिथं उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी घट्ट धरून बसलं की हळूहळू बरं वाटायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि आमच्याकडं उकिडवं बसण्याचं कुणाला काय नवल? बिडी ओढणारे म्हातारे तसेच बसतात, भांडी घासणाऱ्या बाया तशाच बसतात, एस्टीची वाट बघणारं अख्खं गाव तसंच बसतं. त्यामुळं मी आजारी आहे हे कुणाला दिसलंच नाही. आळशी आहे हे मात्र गावभर दिसलं.

औताला जुंपल्यावर वावरात मध्येच बसकण मारणाऱ्या बैलाला बसका म्हणतात. पोरांनी माझं नाव ठेवलं बसकी. ओठ जांभळे दिसायचे म्हणून आणखी एक, "काय गं बसके, जांभळं एकलीच खाल्लीस का?" हे भर माघात, जांभळाचा पत्ता नसताना. मी ओठ आत ओढून घ्यायची. आजही फोटो काढताना माझे ओठ आपोआप आत जातात.

माय विहिरीवरून पाणी आणायची तेव्हा तिच्या डोक्यावर घागर आणि माझ्या कडेवर छोटी कळशी. तेवढ्या वाटेत मी दोनदा तरी बसायची. मागून बाया यायच्या, हसायच्या. माय घागर डोक्यावर तशीच ठेवून मागं वळायची आणि दात-ओठ खात म्हणायची, "ऊठ गं सटवे, लोक बघायलेत!" घरी आल्यावर तुराटीनं मारायची. ती काही दुष्ट बाई नव्हती. एकुलती एक पोरगी कामाची निघाली नाही याची तिला चार बायांत मान खाली घालावी लागायची, त्याचा राग होता तो. मला मार लागायचा त्यापेक्षा तिच्यावर माझ्यापायी ही वेळ येते याचंच जास्त लागायचं. मी मनाशी ठरवायची, उद्या नाही बसायचं. आणि उद्या बसायचीच.

कशी बसतेस ते दाखव

मी चौथीत असताना सरकारी दवाखान्याची जीप शाळेत आली. पोरांची तपासणी. आम्हाला मैदानात रांगेनं उभं केलं. कुणाचे दात, कुणाचे डोळे, कुणाची खरूज. माझ्यापाशी आल्यावर डॉक्टरांनी माझी बोटं हातात धरली आणि सोडलीच नाहीत. नखं बघितली, ओठ बघितले. छातीला नळी लावली ती इतका वेळ की मागची पोरं चुळबुळ करायला लागली.

"पळल्यावर काय होतं तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. उत्तर द्यायची गरजच पडली नाही. सगळी रांग ओरडली, "बसती! बसती! बसकी हाय ती!"

गुरुजीही हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "कशी बसतेस ते दाखव."

अरे देवा! ज्या गोष्टीसाठी मी मार खाल्ला, नाव पडलं, ती सगळ्या शाळेसमोर करून दाखवायची. मी बसले. गुडघे पोटाशी धरून, मैदानाच्या मधोमध. पोरं खिंकाळली. माझ्या डोळ्यांतून पाणी फ्रॉकवर पडत होतं आणि डॉक्टर मात्र गुरुजींना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हिच्या वडिलांना आत्ताच्या आत्ता बोलवा."

मग परभणीचा मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी माय आणि अण्णांना समोर बसवून समजावलं. हृदयात दोष आहे, ऑपरेशन मुंबईला होईल. आणि ती बसते ना, ते बरं करते. बसल्यानं तिच्या जिवाला आराम पडतो. लेकरानं आपल्या आपण शोधलेलं औषध आहे ते.

 माय एकदम म्हणाली, "सायब, ती बसली की मी मारायची हो तिला."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडं केला. अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, पोटात कुठंतरी गुदगुल्या होत होत्या. मी आळशी नव्हते! हे आपल्या गावात जाऊन कुणाकुणाला सांगायचं ते मी तिथंच ठरवत होते. माय शेजारी रडत होती आणि मी खूश होते, याची परत वेगळी शरम.

चल गं परभणी

मुंबईला ऑपरेशनची पाळी यायला वर्ष उलटून गेलं. मी अकरा पूर्ण करून बाराव्या वर्षात शिरले होते. ऑपरेशनच्या दिवशीचं मला काही आठवत नाही. मायनं काय केलं ते अण्णांनी पुढं सांगितलं. मला आत नेल्यावर ती बाहेरच्या फरशीवर बसली, पदर पसरला आणि आमच्या कुळदैवताला, पोखर्णीच्या नरसिंहाला बोलली, "लेकरू वाचू दे. तिचा पाय जमिनीला लागू न देता तुज्या दारात आणीन." पोखर्णीच्या अलीकडं माझ्या मावशीचं गाव आहे. तिच्या दारापासून देवाच्या दारापर्यंत अण्णांनी मला उचलून न्यायचं, असा तो नवस.

वॉर्डातला दिवस पहाटे थर्मामीटरनं सुरू व्हायचा. मग फिनेलचा वास, मग चहा, मग पाण्याच्या बाटलीत नळीनं बुडबुडे काढायचा व्यायाम. छाती अशी दुखायची की बुडबुडा नको आणि जीवही नको असं वाटायचं. आमची सिस्टर गावाच्या नावानं हाक मारायची. सोलापूर, जळगाव, परभणी. "चल गं परभणी, ऊठ, चालायचंय." नळ्या निघतात न निघतात तोच तिनं मला उभं केलं. माय किंचाळली, "आवो बाई, टाके उसवतील की!" सिस्टर म्हणाली, "टाके आमचे आहेत, उसवले तर आम्ही परत घालू. तुम्ही बाजूला व्हा." मी तिचा हात धरून पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. माय डोळ्यांवर पदर धरून उभी होती.

शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरसवदा पुरुषच सगळे. अंगावरची चादर बाजूला करून माझ्या छातीबद्दल इंग्रजीत बोलायचे. मला समजायला लागायचं वय होतं ते. मी डोळे मिटून घ्यायची, म्हणजे मीच तिथं नाही. शेजारच्या पलंगावर रत्नागिरीकडचं एक बाळ होतं, त्याची आई एक दिवस उठली आणि तिनं आपला पदर माझ्यापुढं आडवा धरला. "बघा काय बघायचं ते, पण एकेकानं या. पोर मोठी आहे," म्हणाली. पोरं वरमली. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी मायला बसवून सांगितलं, "काही महिने जड उचलायचं नाही, छातीला मार लागू द्यायचा नाही. त्यानंतर हिला बसवून ठेवू नका. शाळेत जाऊ दे, खेळू दे, पळू दे. हृदयालाही सवय लागते. शर्यत जिंकायचा हट्ट नको, बाकी दमली की ती आपोआप थांबेल. तिचं तिला कळतं."

"हो सायब, हो सायब," माय म्हणत राहिली. जिना उतरताना अण्णांना म्हणाली, "त्यांचं काय जातंय सांगायला. त्यांचं लेकरू हाय का ते?"

चपला राखणारी

गावात आल्यावर मला बसकी म्हणायचं एकदम बंद झालं. त्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग कळलं की आता सगळे मिळून मला बसवणार आहेत.

मायचा हिशेब सरळ होता. जीव देवानं राखला, देवाचा नवस अजून फिटला नाही, तोवर ह्या जिवाला धक्का लागू द्यायचा नाही. नवस फिटला की मग बघू. आणि नवस काही फिटेना. आधी भावकीत सुतक पडलं. मग पेरण्या आल्या. मग अण्णांच्या टाचेत काटा मोडून ती पिकली. मग वेचणी. आणि इकडं माझं काय झालं, तर मला भूक लागायला लागली! जन्मात नव्हती लागली एवढी भूक. भाकरीवर भाकरी खायची. गाल वर आले, उंची ताडताड वाढली. नवस जितका लांबत होता तितकी मी जड होत होते आणि अण्णा होते तेवढेच किडकिडीत. मावशी एकदा आली तेव्हा मला बघून म्हणाली, "आगं बया, हिला उचलायला आता दोन अण्णा लागतेत!" सगळे हसले. मी ताटावरून उठले.

अण्णा मला सायकलीवर शाळेत सोडायचे, हाकेच्या अंतरावर शाळा असताना. खेळाच्या तासाला गुरुजींनी मला काम दिलं, चपला राखायचं. पोरी खो-खो खेळायला अनवाणी उतरायच्या आणि मी लिंबाखाली त्यांच्या चपलांच्या ढिगापाशी बसायची. कुणाची पट्टी तुटलीय, कुणाचा अंगठा झिजलाय, मला सगळं पाठ होतं. सातवीतली घोडी मी, लहान लहान पोरी मला म्हणायच्या, "शकू, माझी नीट बघ हं." आत काहीसुद्धा दुखत नव्हतं. दम भरपूर होता. बसून बसून पाय सळसळायचे.

मुंबईच्या डॉक्टरांनी पुढची तपासणी औरंगाबादला करून घ्यायला सांगितली होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सारखं काही ना काही पेटलेलं असायचं. आमची तारीख आली आणि नेमक्या गाड्या बंद. अण्णा मानवतच्या स्टॅंडवर जाऊन परत आले. पुढं ती तपासणी राहिलीच. ती झाली असती तर कुणीतरी मायला परत एकदा सांगितलं असतं, पळू द्या म्हणून. सांगणारं कुणी राहिलं नाही, म्हणून हे आज मी लिहायलेय. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी तपासणी चुकवू नका, आणि आपलं लेकरू काय काय करू शकतं ते डॉक्टरला नावं घेऊन विचारा. खो-खो चालेल का, पोहणं चालेल का, सायकल चालेल का. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं, उत्तरही वेगळं येईल. पण विचारल्याशिवाय बसवून ठेवू नका.

माझी एक मैत्रीण होती, सुमन. ती मला एक दिवस शाळेच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "इथं कोणी न्हाई. पळून बघ जरा. मी धरते तुला." मी तिचा हात धरून भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत धावले. धावले कसली, दुडदुडले. आम्ही दोघी हसायला लागलो आणि तेवढ्यात कुणीतरी बघितलं.

संध्याकाळी माय सुमनच्या दारात उभी राहून ओरडत होती, "माझी एकुलती एक हाय! मारायची हाय का तुमाला तिला?" सुमनची आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी मायच्या मागं उभी होते. "न्हाई माय, मीच पळाले," एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुमननं आपल्या चपला माझ्यापाशी ठेवणंही सोडून दिलं.

चढ हाय

मी शहाणी व्हायच्या बेताला आले तशी मायची घाई सुरू झाली. एकदा पाळी आली की मग घोडनवरी पोरगी बापाच्या पाठीवर कशी बसणार? माघात एका शनिवारी निघायचं ठरलं.

आदल्या दिवशीच मावशीकडं मुक्कामाला गेलो. सकाळी मला न्हाऊ घातलं, नवा परकर-पोलका, कपाळभर कुंकू. मावशीनं दारात अण्णांच्या पायांवर पाणी घातलं. अण्णा खाली बसले, मी उंबऱ्यावरून त्यांच्या पाठीवर चढले आणि ते उठले. उठताना त्यांच्या गुडघ्यातून कट् असा आवाज आला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

माझे पाय लांब. ते खाली लोंबायचे आणि रस्त्याला लागतील म्हणून माय बाजूनं चालत ते वर धरायची. एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात माझी पावलं. असं आमचं वरातीसारखं निघालं. दोन्हीकडच्या वावरांत करडई पिवळी झालेली. बाया काम सोडून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"काय झालं वो पोरीला? पायानं अधू हाय का?"

"न्हाई वो, नवस हाय," माय सांगायची.

"चालता येतंय का मग तिला?"

"येतंय की!"

मग बाया एकमेकींकडं बघायच्या. मागून एक बैलगाडी आली. तिच्यात माझ्याच वयाची दोन पोरं होती. ती मागं वळून वळून बघत राहिली, आणि एकानं दुसऱ्याच्या पाठीवर उडी मारून माझी नक्कल केली. मी अण्णांच्या पटक्यात तोंड खुपसलं. आता शाळेच्या मैदानात उकिडवं बसायला कुणी सांगितलं असतं तर मी आनंदानं बसले असते.

पटक्यात तोंड खुपसल्यावर मला ते ऐकू आलं. अण्णांचा श्वास. नाकानं पुरत नव्हता म्हणून ते तोंडानं घेत होते, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. माझी छाती त्यांच्या पाठीला लागलेली. आतला भाता मला जसाच्या तसा कळत होता. हे जगात कुणाला कळलं नसतं तरी मला कळत होतं, मी त्यातच वाढले होते.

"अण्णा, उतरवा मला."

"गप."

"तुमाला धाप लागलीय."

"धाप न्हाई. चढ हाय जरा."

चढ कुठला? तिथली जमीन परातीसारखी सपाट. थोडं पुढं गेल्यावर त्यांचा पाय गाडीच्या चाकोरीत मुडपला आणि त्यांनी एक गुडघा टेकला. मायनं माझे पाय वरच्या वर झेलले. "सांभाळून, सांभाळून," ती ओरडली, आणि ती मला सांभाळायला सांगत होती की त्यांना हे मला कळलं नाही. अण्णा परत उठले. त्यांची मान घामानं निथळत होती, मानेवरची शीर टरारून उडत होती.

मी त्यांच्या गळ्यातले हात सोडले आणि घसरून खाली आले.

 मायनं पिशवी टाकली आणि खाली वाकून माझी पावलं दोन्ही हातांनी उचलायला लागली. "उचल! पाय उचल! शके, उचल पाय!" एक उचलला की दुसरा जमिनीवर. माझा तोल गेला आणि मी धप्पकन फुफाट्यात बसले, नव्या परकरासकट. ती माझ्या पावलांची धूळ पदरानं पुसत होती. पुसली की लागलाच नाही असं होईल म्हणून. मला इतकं कसंतरी झालं की मी रागावले. शरमेचा तो राग होता.

"माय, डाक्टरनं सांगितलंय पळू द्या म्हणून!"

"डाक्टरनं टाके घातले. जीव देवानं राखला!"

"मग बसवून ठेवायला राखला का?"

तिनं हात उगारला. परभणीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आणि तो हवेतच राहिला. अण्णा आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हात मांड्यांवर टेकवून उभे होते. तसेच करडईकडं बघत म्हणाले, "उभी राहू दे तिला. मुंबईहून आल्या आल्या झालं असतं. आता वाढली की ती. माझ्यानं न्हाई होत."

आमच्या अण्णांनी कुठल्याही कामाला "होत नाही" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मायनंही नसावं. ती खाली मातीत बसून राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. 

"लय पळायची हौस हाय ना?" ती म्हणाली. "पळ मग. त्या बाभळीपस्तोर पळ. नवस तर मोडलाच हाय. काय व्हायचं ते माज्या डोळ्यादेखत होऊ दे."

आता सांगते. त्या क्षणी माझी सगळी ऐट उतरली. भोक बुजवलं होतं, पण ते धरतंय की नाही हे कधी कुणी बघितलंच नव्हतं. ती म्हणते तेच खरं असलं तर? बाभूळ लांब दिसायला लागली. अण्णा वळून म्हणाले, "आगं, राहू दे..." ते कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

मी परकर गुडघ्यापर्यंत उचलला आणि पळाले.

मला पळता येत नव्हतं. कधी पळालेच नव्हते तर येणार कसं? हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं, टाचा आपटत होत्या, वावरातल्या बाया खदखदून हसल्या. तोंड लाल होऊन मी तशीच वेडीवाकडी धावत राहिले. बाभळीला हात लावला. छाती जोरात उडत होती. मी वाट बघत होते अंधारी येण्याची. आली नाही. घूं झालं नाही. नुसता दम लागला होता, बाकीच्या पोरींना लागतो तसा, आणि मी उभीच होते.

माय मागं पळत आली. तिनं माझी बोटं धरली आणि नखं बघितली, एकेक. ओठ खाली ओढून बघितले. कान लावला छातीला. मग बाभळीच्या बुंध्याला टेकून ती स्वतःच धापा टाकत बसली.  अण्णा पिशवी घेऊन येईपर्यंत आम्ही तशाच.

तिथून पुढं मी चालत गेले. धुळीचे पाय, मळलेला परकर.  देवळात अण्णा नारळ सोलायला थांबले, माय पुढं गेली. मी खांबाआड उभी राहिले, कारण त्या पायांनी पुढं जायची मला हिंमत होईना. गाभाऱ्यापाशी गर्दी नव्हती. मायला वाटलं, जवळ कुणी नाही. ती माणसाशी बोलावं तशी बोलली.

"पायी आणली. माजा शब्द मोडला, पोरीचा काई गुन्हा न्हाई. काय करायचं ते मला कर. हात घे, पाय घे, काय घ्यायचं ते घे." मग थोडं थांबली. "पण तिला पळू दे."